‘आमचा माणूस आळशी’

महागावच्या बाजारात, नागपूरहून नांदेडकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीवर एक वाक्य वर्षानुवर्षे ऐकू येते. ‘आमच्याकडचा माणूसच आळशी, त्याला कोण काय करणार?’ हे वाक्य पुण्या-मुंबईहून बदली होऊन आलेला अधिकारी उच्चारतो तेव्हा त्यात नवल नसते. परंतु तेच वाक्य येथील शेतकरी उच्चारतो, शिक्षक उच्चारतो, कृषी केंद्राचा मालक उच्चारतो, आणि सभेला माणसे जमली नाहीत की कार्यकर्ताही उच्चारतो. विशेष हे की, बोलणारा स्वतःला त्यातून अलगद बाजूला काढतो. ‘तुम्ही आळशी आहात काय?’ असे त्याला विचारले, तर तो पहाटेपासूनच्या कामांची जंत्री ऐकवील. एकेकटा प्रत्येक जण कष्टाळू, पण सगळे मिळून समाज मात्र आळशी! ही बेरीज कोणत्या अंकगणितात बसते?

प्रश्न मानसशास्त्राचा वाटतो. त्याची मुळे मात्र जमीन, पाणी आणि मजुरी यांत आहेत.

महागाव तालुक्यातील बहुतेक शेती कोरडवाहू आहे. काळी जमीन, मुख्य पीक कपाशीचे, जोडीला तूर आणि गेल्या दोन-तीन दशकांत सोयाबीन. मृगाच्या सरी कोसळल्या की पेरणी, मग डवरणी, निंदण, खत, फवारणी, दसऱ्या-दिवाळीपासून वेचणी. या महिन्यांत गावात माणूस शोधून सापडत नाही. संक्रांतीच्या मागेपुढे पऱ्हाटी उपटली की ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो हरभरा-गहू काढतो. ज्याच्याकडे ते नाही त्याच्या शेताला पुढचा पाऊस पडेपर्यंत वखरणीपलीकडे मागण्यासारखे फारसे काही उरत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात पारावर बसलेली माणसे दिसतात ती यामुळे. दौऱ्यावर येणारे पाहुणे नेमके याच दिवसांत येतात, कारण रस्ते कोरडे असतात. अर्थशास्त्राने या स्थितीला हंगामी बेकारी असे नाव दिले आहे. लोकव्यवहाराने तिला आळस म्हटले. नाव बदलले की दोष जमिनीवरून, कालव्यावरून आणि अंदाजपत्रकावरून उचलला जाऊन माणसाच्या अंगी चिकटतो. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली राज्यातील प्रादेशिक अनुशेषाचा हिशेब मांडला, तो ३,१८६ कोटी रुपयांहून अधिक होता. त्यात विदर्भाचा वाटा मोठा होता, आणि सिंचन ही त्यातील ठळक बाब होती. ‘वऱ्हाडी माणसाचा स्वभाव’ या सदराखाली त्या समितीने एक पैसाही दाखवलेला नाही.

याच भागातील बंजारा तांड्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. गावी असताना ज्याला सुस्त म्हणून हिणवले जाते तोच पुरुष, आणि त्याच्याबरोबर त्याची बायको, तिकडच्या फडात पहाटेच्या काळोखात कोयता चालवतात, मोळ्या डोक्यावर वाहतात, रात्री-अपरात्री गाड्या भरतात. माणूस तोच, हातपाय तेच. महागाव आणि कोल्हापूर यांच्या दरम्यानच्या प्रवासात त्याचा स्वभाव पालटला असे मानायचे, की तिकडे शेताला पाणी आहे आणि म्हणून काम आहे असे मानायचे? याच बंजारा समाजाने रेल्वे येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून अर्धा हिंदुस्थान पायी तुडवला होता. रेल्वेने तो व्यापार बुडवला. पुढे इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याखाली ज्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांत काही प्रांतांतील बंजाराही आले. तो शिक्का १९५२ साली पुसला गेला. धंदा आधी हिरावला गेला आणि स्वभावाचे वर्णन मागाहून लिहिले गेले, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता सकाळी दहा वाजता लिंबाखाली झोपलेल्या शेतकऱ्याकडे वळू. त्याच्याइतका बदनाम प्राणी तालुक्यात दुसरा नाही. तो झोपलेला असतो हे खरेच आहे. परंतु आदल्या रात्री तो कोठे होता, हे कोणी विचारीत नाही. रोही आणि रानडुकरे यांचे कळप उभे पीक एका रात्रीत लोळवतात. म्हणून पेरणीपासून काढणीपर्यंत शेतात जागल करावी लागते. मचाणावर बसून, डबे वाजवीत, बॅटरीचा झोत फिरवीत रात्र काढायची. थंडीत हरभऱ्याला पाणी द्यायचे तर कृषिपंपाची वीज पाळीपाळीने येते, आणि रात्रीची पाळी आली की मध्यरात्री साप-विंचवांच्या वाटेने जाऊन मोटर सुरू करावी लागते. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनी योजना शासनाला २०१७ साली जाहीर करावी लागली. म्हणजे शेतकऱ्याला रात्रपाळी करावी लागते हे शासनानेच मान्य केले. कारखान्यातील कामगार रात्रपाळी संपवून दिवसा झोपला तर त्याला कोणी आळशी म्हणत नाही, कारण त्याच्या पाळीची नोंद हजेरीपटावर असते. जागलीचा हजेरीपट नाही. ती उत्पादनखर्चात मोजली जात नाही, आणि दुपारच्या जांभईचा खुलासा म्हणूनही ती कोणी स्वीकारीत नाही.

या तालुक्यात चिलगव्हाण नावाचे गाव आहे. तेथील साहेबराव करपे पाटील हे जमीनदार म्हणावे असे शेतकरी, अनेक वर्षे गावचे सरपंच, संगीताचा नाद असलेले. थकलेल्या बिलापायी वीज तोडली गेली आणि उभे पीक डोळ्यांदेखत वाळले, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळील दत्तपूर येथे त्यांनी पत्नी आणि चार मुलांसह जीवनाचा अंत केला. दत्तपूरचा कुष्ठधाम मनोहर दिवाण यांनी उभारला. शेजारीच विनोबांचा आश्रम. शरीरश्रमाला धर्माचे स्थान देणाऱ्या त्या परिसरात एका कष्टाळू कुटुंबाचा शेवट व्हावा, हा योगायोग अस्वस्थ करणारा आहे. २०१७ पासून दरवर्षी १९ मार्चला राज्यभर अनेक जण त्या कुटुंबाच्या स्मरणार्थ एक दिवस अन्नत्याग करतात. पुढील काळात विदर्भातील आत्महत्यांची संख्या वाढत गेली, तसतशी त्यांची कारणे शोधणाऱ्यांची संख्याही वाढली; आणि त्या कारणांत कर्ज, भाव, नापिकी यांच्या शेजारी आळस आणि व्यसन ही दोन नावे हळूच येऊन बसली. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही, एवढीच त्या दोन कारणांची सोय!

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. त्या वेळीही पहिला शब्द निघाला तो निष्काळजीपणाचा. हातमोजे घातले नाहीत, तोंड बांधले नाही, सूचना वाचल्या नाहीत. उन्हाने तापलेल्या, माणसाच्या उंचीच्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन, रोजावर काम करणाऱ्या मजुराने बारीक अक्षरांतले पत्रक वाचायला हवे होते म्हणे.

परक्याला आळशी ठरवण्याचा हा रिवाज जुना आणि जागतिक आहे. मलेशियाचे समाजशास्त्रज्ञ सय्यद हुसेन अलातास यांनी १९७७ साली ‘आळशी देशी माणसाची दंतकथा’ या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ लिहून दाखवले की, मलाया, जावा आणि फिलिपिन्स येथील लोकांना गोऱ्या सत्ताधाऱ्यांनी आळशी ठरवले ते मुख्यतः मळ्यांच्या आणि वसाहतींच्या सोयीसाठी. मलायी शेतकरी स्वतःच्या भातशेतीत राबत होता. तो मळेवाल्याच्या अटींवर राबायला तयार नव्हता. मळेवाल्याच्या कोशात या दोहोंसाठी एकच शब्द होता. त्याच्याही आधी, १८९० साली, फिलिपिन्सचे होसे रिसाल यांनी याच विषयावर एक दीर्घ लेख लिहिला. रिसाल यांनी आळस नाहीच, असा आव आणला नाही. आपल्या लोकांत सुस्ती आली आहे हे त्यांनी मान्य केले, आणि मग विचारले की ती अवनतीचे कारण आहे की अवनतीचे फळ? ज्याच्या कष्टाचे फळ दुसराच नेतो, त्याने अधिक कष्ट का करावेत?

रिसाल यांची ही कबुली आपणही दिली पाहिजे. गावात पत्त्यांचे फड आहेत, दारू आहे, आणि तिच्यापायी बायकांच्या मजुरीची लूट होते हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ‘सगळी शोषणाची किमया’ असे म्हणून त्यावर पडदा टाकणारा कार्यकर्ता आपल्याच बहिणींशी खोटे बोलतो. परंतु जो माणूस सलग तीन हंगाम पेरतो, दुबार पेरतो, आणि तिन्ही वेळा सावकाराच्या व बँकेच्या दारात उभा राहतो, त्याच्या चौथ्या वर्षीच्या संथपणाला काय म्हणावे? मराठीत त्याला ‘उमेद खचणे’ असा चांगला शब्दप्रयोग आहे. शिवाय शरीराचाही हिशेब असतो. महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत आढळले. रक्त कमी असलेल्या शरीराची चाल मंद असते.

महाराष्ट्रात या प्रश्नाची एक भव्य परीक्षा होऊन गेली आहे, आणि तिचा निकाल आपण विसरून गेलो आहोत. १९७२ च्या दुष्काळात शासनाने खडी फोडण्याची, बांधबंदिस्तीची, पाझर तलावांची कामे काढली. मे १९७३ मध्ये, म्हणजे वर्षातील सर्वांत कडक उन्हात, सुमारे पन्नास लाख माणसे त्या कामांवर होती. मजुरी तुटपुंजी, सावली नाही, पाणी दूर. त्या वेळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक हे महागावशेजारच्या पुसद तालुक्यातील गहुलीचे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यात प्रयोग करून पाहिलेली कल्पना या दुष्काळात राज्यभर पसरली. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. त्या योजनेचा पायाच असा की, मागेल त्याला काम द्यायचे, ते काम अंगमेहनतीचे असावे, आणि मजुरी इतकी साधी असावी की ज्याला खरोखर गरज आहे तोच येईल. जनता आळशी आहे असे गृहीत धरले असते तर अशी योजना कागदावरच मेली असती. ती पुढे देशभर गेली. २००५ च्या केंद्रीय कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांच्या कामाचा हक्क मान्य केला.

आणि तरीही तक्रार उरतेच, फक्त ती उलट्या बाजूने येते. आता म्हणतात, रोजगार हमीने, स्वस्त धान्याने, लाडक्या बहिणीच्या पैशांनी मजूर आळशी झाला. वेचणीला बाई मिळत नाही. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी शहरी बेघरांच्या निवाऱ्याच्या प्रकरणाची सुनावणी चालू असता न्यायमूर्ती भूषण गवई यांनीही याच आशयाचा तोंडी अभिप्राय व्यक्त केला: निवडणुकीपूर्वी जाहीर झालेल्या सवलतींमुळे महाराष्ट्रात शेतीला मजूर मिळेनासे झाले आहेत. न्यायमूर्ती मूळचे अमरावतीचे, त्यांना शेतीची घरची माहिती. पुढे ते सरन्यायाधीशही झाले. त्यांच्या अनुभवाचा अनादर करण्याचे कारण नाही. मजूर मिळत नाहीत, हे निरीक्षण महागावचा कोणताही शेतकरी दुजोरा देईल असे आहे. चर्चा हवी ती निष्कर्षाची. लाडकी बहीण योजनेचे पैसे महिन्याला पंधराशे, म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. प्राधान्य कुटुंबातील माणशी महिन्याला पाच किलो धान्य, म्हणजे दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमही नाही. एवढ्यावर आळस विकत घेता येत असेल, तर तो बाजारातील सर्वांत स्वस्त माल म्हटला पाहिजे! खरे घडले ते इतकेच की, उपाशी पोटामुळे जी बाई कोणत्याही भावाने, कोणत्याही उन्हात, कापसाच्या किलोवर वेचायला येत होती, तिला आता एखाद्या दिवशी ‘नाही’ म्हणता येते. या ‘नाही’ला मालक आळस म्हणतो. व्यापाऱ्याने दर पाडला म्हणून शेतकऱ्याने कापूस घरात साठवून ठेवला, तर त्याला मात्र आपण व्यवहारचातुर्य म्हणतो.

मजूर आणि शेतकरी यांच्यातील ही तेढ खरी आहे, आणि दोघांनाही ती महाग पडते. शेतकऱ्याला कापसाचा भाव मिळत नाही म्हणून तो वेचणीचा दर वाढवू शकत नाही. दर वाढत नाही म्हणून बाई येत नाही. बाई येत नाही म्हणून तो तिला आळशी म्हणतो. सरकी-रुईचा व्यापारी त्याच शेतकऱ्याला आळशी म्हणतो, मंत्रालयातील बाबू संपूर्ण वऱ्हाडाला आळशी म्हणतो, आणि एके काळी लंडनमधील साहेब साऱ्या हिंदुस्थानला म्हणत असे. या शिडीच्या प्रत्येक पायरीवरचा माणूस खालच्याकडे बोट दाखवतो.

सर्वांत खालच्या पायरीवर कोण आहे? ती बाई, आणि तिच्या खाली बोट दाखवायला कोणी उरलेले नाही. म्हणून ती बोट स्वतःकडे वळवते. जनगणनेचा प्रगणक दारात येऊन ‘काय काम करता?’ असे विचारतो, तेव्हा पहाटे उठून पाणी भरलेली, भाकरी थापलेली, गोठा काढलेली, आणि दुपारी वेचणीला जाऊन आलेली बाई सांगते, ‘काही नाही, घरीच असते.’ राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात, तर ते करणारे पुरुष ९७. बिछान्यातल्यांची, लहानग्यांची देखभाल याहून वेगळी. २००१ च्या जनगणनेत मात्र घरकाम करणाऱ्या स्त्रियांची गणना भिकारी आणि कैदी यांच्याबरोबर ‘काम न करणारे’ या गटात होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका निकालात त्यावर कठोर शब्दांत आक्षेप घेतला. सरकारी रकान्यातील शब्द आणि बाईच्या तोंडचे उत्तर यांत आधी कोण आणि मागून कोण, हे सांगणे कठीण आहे.

स्वतःला आळशी म्हणवून घेणारा आणखी एक वर्ग गेल्या पंधरा-वीस वर्षांत वाढला आहे. तो शिकलेल्या मुलांचा. तालुक्यातील मुले पुण्याच्या पेठांत एका खोलीत पाच-सहा जण राहून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. जागा शेकड्यांत निघतात, उमेदवार लाखांत असतात. चार-पाच वर्षांनी मुलगा परत येतो आणि बापाला सांगतो, ‘माझेच चुकले, मी कमी पडलो, आळस केला.’ बापही ते मान्य करतो, कारण दुसरे कारण त्याला कोणी सांगितलेले नसते. वस्तुतः साऱ्या उमेदवारांनी झोप निम्मी करून अभ्यास दुप्पट केला असता, तरी निवड होणाऱ्यांची संख्या एकानेही वाढली नसती. जागा किती काढायच्या हे मुलाच्या मेहनतीवर ठरत नाही. पण मुलगा ते स्वतःच्या अंगावर घेतो, आणि रिक्त पदांचा प्रश्न विचारण्याऐवजी पहाटे किती वाजता उठायला हवे होते याचा विचार करीत राहतो.

राजकारणाच्या दृष्टीने यात मोठी हानी आहे. जो स्वतःला दोषी मानतो तो मागणी करीत नाही, आणि जो शेजाऱ्याला दोषी मानतो तो त्याच्याबरोबर मोर्चात येत नाही. दिवसा वीज, वन्य प्राण्यांनी केलेल्या नुकसानीची वेळेवर भरपाई, वेचणीचा दर आणि कापसाचा भाव यांची सांगड, उन्हाळ्यातील कामे वेळेत सुरू होणे, यांपैकी एकही मागणी एकट्याने पदरात पडण्यासारखी नाही. कार्यकर्त्यांनी ‘लोक उठत नाहीत’ असे म्हणणे प्रथम थांबवावे; रात्रभर जागून आलेल्या माणसाला उठवायला जाण्याआधी तो केव्हा झोपला ते विचारावे.

महागाव तालुक्यातील शाखांना एक साधे काम येत्या हंगामात करता येईल. प्रत्येक गावात दहा घरे निवडून एक वही ठेवावी. तीत जागलीच्या रात्री, रात्रपाळीच्या विजेचे तास, पाण्याच्या खेपा, वेचणीचे किलो आणि मिळालेले पैसे लिहावेत. तसेच काम मागूनही मिळाले नाही असे दिवस, ते कोणत्या तारखेला व कोणाकडे मागितले यासह नोंदवावेत. लिहिण्याचे काम परत आलेल्या त्या शिकलेल्या मुलांकडे द्यावे. बायकांच्या नोंदी बायकांनीच सांगाव्यात, नवऱ्याने नव्हे. पेरणीपासून पऱ्हाटी उपटेपर्यंतची वही पूर्ण झाली की ती आधी ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, मग तहसील कार्यालयात तिची पोच घ्यावी. १९ मार्चला चिलगव्हाणमध्ये माणसे जमतील तेव्हा त्या वह्या तेथे असाव्यात.